एक माप मोठ्या बांगड्या

खोली भाड्यानं देणारी माणसं काय काय विचारतात ते मला तोवर पाठ झालं होतं. जात विचारतात, पगार विचारतात, पाहुणे किती येतात ते विचारतात, आणि पाणी किती लागेल ते तर विचारतातच. जळगावात मेहरूण भागातल्या अक्कांनी यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. त्यांनी माझा उजवा हात धरला, मनगट इकडून तिकडून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या बांगड्या निघतात का?"

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हातात हिरव्यागार बांगड्या, शेजारी नवरा उभा, आणि घरमालकीणबाई विचारतेय की बांगड्या निघतात का! ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी हात ओढून घेतला आणि फणकाऱ्यानंच म्हणाले, "काढायच्या कशाला? काही वाईट झालंय का?"

"वाईट होऊ नये म्हणूनच विचारते ना पोरी," अक्का म्हणाल्या. "मागच्या पडवीत माझं मशीन आहे. तू तिथं आल्याशिवाय राहायची नाहीस, डोळ्यांवरूनच दिसतंय. बांगड्या निघत नसतील तर पडवीत पाय ठेवायचा नाही. बाकी घर तुझं."

बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले, "डोकं ठिकाणावर दिसत नाही बाईंचं." पण खोल्या हवेशीर होत्या. संध्याकाळी तलावावरून वारा यायचा, आणि जळगावच्या उन्हाळ्यात वारा येणारी खोली मिळाली तर माणूस मालकिणीच्या डोक्याची चौकशी करत बसत नाही. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात, ह्यांची चाळीसगावला. हे सकाळच्या गाडीनं जायचे ते संध्याकाळी परत. मला शिफ्टची ड्यूटी, त्यामुळे दुपारी बऱ्याचदा मी घरी एकटी. तिसऱ्याच दुपारी पडवीतून आवाज आला, शिवणयंत्राचा असतो तसा, पण जरा घोगरा. अक्का खरं बोलल्या होत्या. मला राहवलं नाही.

बघते तर काय, शिवणयंत्रच होतं. म्हणजे खालून शिवणयंत्र. तेच लोखंडी पाय, तेच पायडल, तेच चाक आणि चामड्याची वादी. वर मात्र यंत्राचं डोकंच नव्हतं. त्याच्या जागी फळी, फळीला मधोमध भोक, आणि त्या भोकातून उभं गेलेलं एक पातं. पातं म्हणजे काय, जाडसर दोराच म्हणा, त्याला बारीक दात. पायडल हाललं की ते वरखाली नाचायचं. अक्का त्याच्यासमोर प्लायचा तुकडा धरून बसल्या होत्या आणि तो गोल गोल फिरवत होत्या. बघता बघता लाकडातून एक केळीचं पान बाहेर पडलं, मधली शीर आणि कडेच्या चिरांसकट.

तोंडातून "अगं बाई!" एवढंच निघालं. अक्कांनी पायडल थांबवलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि दाराकडे बोट दाखवलं. मी मुकाट्यानं बाहेर जाऊन साबण लावून, ओठ चावत, बांगड्या उतरवून आले. आईला कळलं असतं तर नाशिकहून पुढच्या गाडीनं आली असती.

ते यंत्र अक्कांना लग्नात माहेराहून मिळालं होतं. माहेर धुळ्याचं. वडिलांनी हौसेनं दिलं, मुलीनं सासरी चार कपडे शिवावेत म्हणून. मुलीला शिवणाचा मनापासून कंटाळा. काही वर्षं तिनं कळ काढली, मग एक दिवस यंत्राचं डोकं काढून शेजारच्या गरजू बाईला देऊन टाकलं आणि उरलेला सांगाडा हातगाडीवर घालून वेल्डिंगवाल्याकडे नेला. सायकलचे सुटे भाग आणि जुन्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याची एक पट्टी जोडून त्याच्याकडून हे करवतीचं यंत्र करून घेतलं. कुठल्याशा मासिकात चित्र बघितलं होतं, म्हणे. सासरच्यांना वाटलं सुनेनं यंत्र विकलं. विकलं असतं तर बरं, असं नंतर त्यांना वाटलं.

गल्लीतल्या बायकांचा मात्र शेवटपर्यंत गैरसमज राहिला. आवाज शिवणयंत्राचा, म्हणजे अक्का शिवतात! सणावाराच्या आधी कोणीतरी हमखास ब्लाउजपीस घेऊन दारात उभी. "अक्का, एवढं शिवून द्या ना." अक्का कधी समजावत बसायच्या नाहीत. "कापून देते, शिवून मिळणार नाही," एवढंच सांगायच्या. बाई गोंधळून निघून जायची आणि अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या.

दुसरी गंमत सराफ बाजाराची. जळगावचा सराफ बाजार म्हणजे लांबलांबून लोक सोन्याला येतात. अक्का महिन्यातून एकदा ठेवणीतलं पातळ नेसून, पिशवी घेऊन तिकडे जायच्या. बघणाऱ्याला वाटावं, बाईचं घर भरलेलं आहे. सोनार दागिन्यात नक्षी कापायला जी बारीक करवत वापरतात तिची पाती त्यांच्या अवजारांच्या दुकानात मिळायची, आणि अक्कांच्या यंत्राला तीच चपखल बसायची. एकदा मी बरोबर गेले. पेढीबाहेर उभ्या असलेल्या एका ओळखीच्या बाईनं डोळे मोठे करून विचारलं, "काय घेतलं हो अक्का?" अक्कांनी कागदाची पुडी पिशवीत खाली सरकवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "करवत." ती बाई दिवसभर नक्की विचार करत बसली असणार की करवत हा कुठला नवीन दागिना.

पाती भारी मोडायची. शिकणाऱ्याच्या हातून तर विचारूच नका. पण अक्का "मोडलं" म्हणायच्या नाहीत. आपल्याकडे बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अक्कांनी तोच मान पात्याला दिला होता. टणकन आवाज झाला की म्हणायच्या, "वाढलं गं बाई!" माझं पहिल्या दुपारी इतक्यांदा वाढलं की त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला भलतीच बरकत आहे."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. पातं लावलं, ताण दिला, की त्याला नखानं छेडायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. "हे आजारी आहे," म्हणायच्या आणि पुन्हा ताणायच्या. मग स्वच्छ टिंग वाजलं की "आता उठून बसलं." मी जोर लावला की मागून आवाज यायचा, "ढकलू नको. ते खातंय, त्याला खाऊ दे. तू नुसतं ताट सरकव." आतली नक्षी कापायची तर आधी गिरमिटानं भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि मग आतल्या आत फिरत कापायचं. ज्या जाळीत शंभर भोकं, तिला शंभरदा ओवणं आलं. माझा धीर सुटायचा. अक्का मात्र प्रत्येक वेळी पातं छेडून ऐकायच्याच. एकदाही चुकवलं नाही.

आणि हात चुकला तर? एकदा मोराच्या शेपटीचा तुरा अर्धा तुटून पडला. मी चुकचुकले. अक्कांनी तुकडा दूर धरून बघितला, दोन ठिकाणी आणखी कापला आणि म्हणाल्या, "मोर होता, आता कोंबडी झाली. कोंबडी अंडी तरी देते." ती कोंबडी कित्येक वर्षं आमच्या स्वयंपाकघरात किल्ल्या अडकवायला होती.

लाकूड कुठून आणायच्या? बाजारपेठेत चहाची रिकामी खोकी मिळायची, त्यांचं प्लाय. कधी एखादी सागवानी फळी मिळाली तर ती आठ-पंधरा दिवस नुसती भिंतीला टेकवून बघत बसायच्या. यंत्राला त्यांनी जुन्या भोंग्याचा रबरी फुगा बांधून ठेवला होता. पायडल मारलं की फुगा दाबला जायचा आणि फुस्स करून रेघेवरचा भुसा उडायचा. नाकाला नवऱ्याचा, म्हणजे आबांचा, मोठा रुमाल, डोळ्यांवर मोटारसायकलवाल्याचा चष्मा, केस घट्ट बांधलेले, पदर कमरेला करकचून खोचलेला, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, आणि दोन्ही हात मोकळे. असा अवतार करून बसायच्या. पोस्टमन एकदा पडवीच्या दारातून डोकावला आणि पत्र उंबऱ्यावर ठेवून पळाला.

खरं सांगायचं तर त्या टिचभर करवतीनं हात जाण्याची भीती नव्हती. फार तर बोट कापलं असतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. अक्कांनी पायडलवरून पाय काढला आणि म्हणाल्या, "माझी मोठी बहीण धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. सणाच्या दुसऱ्या दिवशी गेली, हातभर बांगड्या भरून. यंत्रानं पहिले बांगडी धरली. बांगडीनं हात नेला." पुढं म्हणाल्या, "आज तिच्या एकाच हातात बांगड्या असतात. सवाशीण आहे, दाजी खुशाल आहेत. पण एकच हात. मंग मला सांग, बांगडी हातासाठी की हात बांगडीसाठी?"

त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

कासार गल्लीत यायचा तेव्हा बायकांची गर्दी व्हायची. बांगडी भरण्यात कासाराचं सगळं कसब घट्ट बांगडी चढवण्यात. हात दाबून, अंगठा आत दुमडून, न फोडता. अक्का उलट सांगायच्या, एक माप मोठ्या दे. दर वेळी तो बिचारा कुरकुरायचा, "अक्का, ढिल्या शेतस ह्या. पडी जातीन." आणि दर वेळी अक्कांचं उत्तर, "बांगडी पडनी तं चाली. हात नको पडाले." बायका एकमेकींकडे बघायच्या. दुपारी जिचे हात मोकळे असतात तिच्या नवऱ्याचं आयुष्य काय, असं मागून बोलायच्या. अक्कांना ते ऐकू यायचं. त्या काही बहिऱ्या नव्हत्या.

ज्यांच्या आयुष्याची एवढी चिंता चालली होती ते आबा मात्र पडवीलगतच्या खोलीत बाजेवर निवांत झोपलेले असायचे. एका जिनिंगमध्येच हिशेबाचं काम करून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. दुपारी यंत्र सुरू झालं की त्यांना झोप लागायची. डोळे मिटूनच कधी म्हणायचे, "आज सागवान शे का?" अक्का पडवीतून ओरडायच्या, "हा." झालं, दोघांचं दुपारचं बोलणं संपलं.

मी तिथं राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी भाऊबंदांची कानबाई देवी अक्कांच्या घरी बसायची होती. श्रावणातली, नागपंचमीनंतरच्या रविवारची. खानदेशात तो केवढा सण असतो, हे मला तिथंच कळलं. गव्हाचे रोट, घरभर माणसं, रात्रभर गाणी. अक्कांनी ठरवलं, कानबाईला बाजारचं मखर नको, आपण कापायचं. वर केळीच्या पानांची कमान, दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं, काही मिटलेली, काही उमललेली. उन्हाळ्यापासून त्या मागे लागल्या होत्या. मी बोंडं कापायला मदत करत होते, म्हणजे पाती वाढवत होते.

अर्धी कमान झाली आणि आबांच्या छातीत दुखायला लागलं.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, काही दिवस इथंच राहू द्या. संध्याकाळपर्यंत आबांची मोठी बहीण पाचोऱ्याहून येऊन थडकली. तिला सगळे पाचोऱ्याच्या आत्याच म्हणायचे. बाई प्रेमळ, पण जिभेला आवर नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत तिनं अक्कांना धारेवर धरलं. "कितला डाव सांगं तुले! सवाशीण बाई, भुंडा हात लिसन बठस! आते देख, मना भाऊ कसा पडेल शे!" बोलता बोलता तिलाच रडू फुटलं. आईमागं भावाला तिनंच वाढवलेलं.

मला वाटलं, अक्का आता बहिणीच्या हाताचं सांगतील. यंत्रानं पहिले काय धरलं ते सांगतील. माझ्या तर जिभेवर आलं होतं. पण अक्का दुसऱ्या दिवशी घरी आल्या, कासाराला बोलावून घेतलं आणि दोन्ही हात पुढं केले. "भर. मापाच्या. घट्ट." तो भरत होता आणि त्या भिंतीकडे बघत होत्या. अंगठ्याचं हाड दाबून चढवलेल्या त्या बांगड्या आता फोडल्याशिवाय निघतील असं दिसत नव्हतं.

"अक्का, तुम्ही पण?" मी म्हणाले.

"मला भीती वाटते गं," अक्का म्हणाल्या. एवढंच. इतकी धीट बाई, पण माणूस तिचा होता. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, कोण जाणे.

आत्यांचं एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी सांगितलं, कानबाईपुढं भाऊबंदांच्या साक्षीनं शपथ घे की परत त्या यंत्रावर बसणार नाही. अक्का म्हणाल्या, "घेते." पडवीच्या दाराला कडी लागली. बाजारातून थर्माकोलचं मखर आलं, चकचकीत कागद लावलेलं. ते कोपऱ्यात उभं होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. रविवारी शपथ झाली की संपलं सगळं, हे मला कळत होतं. कानबाईपुढं दिलेला शब्द अक्कांनी जन्मात मोडला नसता.

शुक्रवारी आबा घरी आले. बारीक झालेले, आवाज खोल गेलेला. बाजेवर आडवे झाले. दुपारची जेवणं झाली. आत्या त्यांच्या पायाशी बसून गहू निवडत होत्या, अक्का उशाशी, मी दारात. आबा या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. शेवटी उठून बसले.

"मशीन काब्रं बंद शे?"

मशीन का बंद ते आत्यांनीच सगळं सांगितलं. बांगड्या भरल्या, रविवारी शपथ आहे, आता काळजी करू नको भाऊ. आबांनी ऐकून घेतलं. मग अक्कांच्या हातांकडे बघितलं. मला वाटतं तोवर त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. त्या घट्ट बांगड्यांखाली मनगट लाल झालं होतं.

"मी जित्ता शे नं, बाई?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"काय बोलस रे भाऊ! शंभर वरीस जगशी!"

"मंग घरमा सुतक काब्रं?"

आत्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

आबा माझ्याकडे वळले. "पोरी, साबण आण. अन पाणी." मी पळत जाऊन घेऊन आले. अक्कांना उमगलं. त्यांनी हात मागे घेतला, म्हणाल्या, "नको, अहो, नको ना." आबांनी तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "आन हात."

आपल्याकडे बाईच्या हातातल्या बांगड्या कधी उतरवतात ते सांगायला नको. आणि इथं नवरा जिवंत बसलेला, आपल्या हातानं बायकोच्या बांगड्या काढत होता. आत्यांनी तोंडाला पदर लावला. "भाऊ, मना भाऊ, असं नको करू रे!" फेस मनगटावरून मांडीवर गळत होता. आबांनी अक्कांचा अंगठा आत दुमडला, कासार दुमडतो तसा, आणि एकेक बांगडी हळूहळू सरकवत आणली. मध्येच दम लागला की थांबायचे, आणि पुन्हा. अक्का रडत होत्या. मीही रडत होते, खोटं कशाला बोलू. एकही बांगडी त्यांनी फुटू दिली नाही.

"मना जीव मना छातीमा शे, बाई," ते म्हणाले. "बांगड्यासमा नही. तो देखाले डाक्टर शे. हाई घर असं मुकं पडनं तं माले वाटस मी मरी गऊ अन कोणी माले सांगं नही."

बांगड्यांचा तो ओला ढीग त्यांनी उचलला आणि सगळ्या बहिणीच्या ओंजळीत दिल्या. मग अक्कांना म्हणाले, "जाय. कमान अर्धी शे." आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

अक्का उठल्या, डोळे पुसले, पदर खोचला, मंगळसूत्र आत सरकवलं. मी पडवीची कडी काढली. त्यांनी नवं पातं लावलं, ताणलं, नखानं छेडलं. पहिल्यांदा त्यांना ते पसंत पडलं नाही. पुन्हा ताणलं. मग पायडल हाललं आणि ते घोगरं यंत्र सुरू झालं. आतून आबांचं घोरणं ऐकू यायला फार वेळ लागला नाही.

आत्या पडवीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. बांगड्या त्यांनी पुसून पदरात घेतल्या होत्या आणि पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. पायडल जरा थांबलं की झालं का म्हणून विचारायच्या, "व्हयनं का?" अक्का मानेनंच नाही म्हणायच्या. पुन्हा थांबलं की पुन्हा, "व्हयनं का?" हात रिकामे असल्याचा एकेक क्षण त्या बाईला भारी जात होता, ते दिसत होतं. पण उठून गेल्या नाहीत.

शेवटच्या पानाची शीर कापायची होती. वळण अवघड, आणि अक्कांचं बोट पात्याच्या अगदी जवळ आलं. आत्या पुढं वाकल्या. मला वाटलं, आता परत विचारणार.

"घाई करू नको," आत्या म्हणाल्या. "बोट संभाळ. बांगड्या मना पदरमा शेतस."